एका खोट्या किल्लीचा इतिहास

'रचना' हा आम्हां साहित्याच्या अध्यापकांच्या रोजच्या वापरातला शब्द. कवितेची रचना, कथनाची रचना, रचनाबंध, रचनातत्त्व असे त्याचे नाना अवतार आम्ही फळ्यावर लिहीत असतो आणि त्यामागे एक गृहीतक कळत-नकळत बाळगत असतो : रचना आहे म्हणजे रचनाकार आहे, आणि रचनाकार आहे म्हणजे त्याचा काही हेतू आहे. गेल्या सात-आठ वर्षांत हाच शब्द मला एका अगदी निराळ्या क्षेत्रात वारंवार भेटू लागला. कारण घरगुती आहे. माझ्या आईला आमवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. या आजारात परक्या जंतूंवर चालून जाणारी रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्यांच्या अस्तराला सूज येते आणि ती वेळीच आवरली नाही तर हाडे झिजून बोटे वाकडी होतात. या आजारावरच्या औषधांविषयी मिळेल ते वाचताना 'औषधाची रचना', 'रेणूची रचना' असे शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा समोर आले. एखादा वास्तुरचनाकार नकाशा काढतो, तसा कुणी रसायनशास्त्रज्ञ रोगाचे मर्म ओळखून त्यावर नेमका बसेल असा रेणू आधी कागदावर आखतो व मग प्रयोगशाळेत घडवतो, असे चित्र या शब्दातून उभे राहते. ते कितपत खरे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी नाही. एखादी संहिता कुणी, कशासाठी लिहिली आणि पुढे तिचे काय झाले हे शोधण्याची सवय मात्र आहे. तेवढ्या भांडवलावर हे लिहिते आहे.

आरंभी थोडी परिभाषा. दाहजन्य आणि स्वप्रतिरक्षा रोगांवरच्या औषधांची सध्या दोन मोठी कुळे आहेत. एक जैविक औषधांचे. ही औषधे म्हणजे जिवंत पेशींकरवी तयार करून घेतलेली भलीमोठी प्रथिने. त्यांतल्या एखाद्या प्रतिपिंडाचे रेणुभार दीड लाखाच्या घरात जाते. पोटात गेली तर ती पचून जातील, म्हणून ती सुईनेच द्यावी लागतात, आणि त्यांची किंमत मध्यमवर्गाच्याही छातीत धडकी भरवणारी असते. दुसरे कूळ लघुरेणूंचे. त्यांचे रेणुभार काही शेकड्यांत. आई घेते त्या मेथोट्रेक्सेटचे साधारण ४५४. हे रेणू गोळीतून पोटात जातात, रक्तात उतरतात आणि, मुख्य म्हणजे, पेशीच्या भिंतीपाशी न थांबता आत शिरू शकतात. प्रथिनाचे औषध दाराबाहेरचा निरोप्या अडवते. लघुरेणू घरात जाऊन कारभारात ढवळाढवळ करतो.

ही ढवळाढवळ समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी वापरलेले रूपक जुने आहे. १८९४ मध्ये एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने म्हटले की, एन्झाइम आणि ते ज्या पदार्थावर काम करते तो पदार्थ यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते. पुढे पाउल एर्लिख याने हाच विचार औषधांपर्यंत नेला. शरीराला धक्का न लावता नेमक्या जंतूलाच टिपणाऱ्या 'जादूच्या गोळी'चे स्वप्न त्याचे. शरीर स्वतःवर विष ओकणार नाही, त्याला स्वतःच्या नाशाची जन्मजात धास्ती असते, असेही प्रतिपादन एर्लिखने विसाव्या शतकाच्या आरंभी केले आणि त्याला एक भारदस्त लॅटिन नाव दिले : 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. नावाचा दबदबा किती असतो पाहा. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून रोग निर्माण करू शकते, ही कल्पना पुढची जवळजवळ पन्नास वर्षे वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने उंबऱ्याबाहेर ठेवली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती रुजू लागली. म्हणजे मेथोट्रेक्सेटचा पूर्वज आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा आमवात हा स्वप्रतिरक्षा रोग आहे असे म्हणण्याची पद्धतही पडली नव्हती. रोगाची व्याख्या अजून व्हायची होती आणि औषध मात्र येऊन बसले होते.

ते आले कुठून? त्याचा वंशवृक्ष मागे मागे नेत गेले की आपण मुंबईत, परळला पोचतो.

१९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आली. हे वर्ष गिरणगावाच्या इतिहासात सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाचे म्हणून ओळखले जाते. बाळंतपणात स्त्रिया का मरतात याची चौकशी भारतात सुरू झाली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कामात गरोदरपणातल्या एका विशिष्ट पंडुरोगाचा अभ्यास विल्सबाईंकडे आला. त्यांचे ठाणे परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या हद्दीतच. तपासायच्या होत्या त्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रिया. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने फुगलेल्या असत. हा संसर्ग आहे का, ते आधी तपासून झाले, पुरावा मिळेना. मग विल्सबाईंनी ताटात काय पडते ते पाहायला सुरुवात केली. निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांचा आहार ताडून पाहता ज्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट त्यांच्यातच, विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये, हा पंडुरोग अधिक असल्याचे त्यांना दिसले. उंदीर आणि माकडांवरचे प्रयोग झाल्यावर त्यांच्या हाती आलेला उपाय अगदीच अनपेक्षित होता : मार्माइट. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा हा खारट, काळपट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. स्वस्त म्हणून तो प्रयोगात वापरला गेला आणि तो देताच या स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. मार्माइटमध्ये आहे तरी काय, हे कुणालाच माहीत नव्हते. म्हणून त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स फॅक्टर' असे नाव पडले.

शोधाला नाव विल्सबाईंचे मिळाले, आणि ते रास्तही आहे. पण ज्यांच्या रक्तात तो शोध लागला त्या इतिहासात 'मुंबईच्या कापडगिरण्यांतील गरोदर स्त्रिया' एवढ्या सामूहिक नावाने उरल्या आहेत. गिरणगावाच्या साहित्यावर आपण चर्चासत्रे घेतो, घेतली पाहिजेतच. त्या वस्तीतून जगाच्या वैद्यकात गेलेल्या या धाग्याचा उल्लेख मात्र मी एकाही चर्चासत्रात ऐकलेला नाही. असो.

पुढची दहा-बारा वर्षे या अज्ञात द्रव्याचा माग निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या नावांनी काढत राहिल्या. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक उकळून-गाळून त्यातून जेमतेम चिमूटभर द्रव्य वेगळे केले आणि पान या अर्थाच्या 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक ॲसिड' म्हटले. विल्स फॅक्टर तो हाच, हे यथावकाश स्पष्ट झाले. पेशीला नवी पेशी घडवायची असेल तर तिला जनुकद्रव्याची नक्कल करावी लागते आणि त्या कामाला फॉलिक ॲसिड लागते. गरोदर स्त्रीच्या शरीरात नव्या पेशींचे बांधकाम जोरात चाललेले असते, म्हणून या द्रव्याची टंचाई तिला सर्वांत आधी जाणवते.

इथे आपल्या कथेत येतात डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातील भीमावरम. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घालून उभे राहिल्याने इंग्रज प्राध्यापकांची गैरमर्जी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी त्यांना दुय्यम दर्जाच्या परवान्यावर समाधान मानावे लागले. स्प्रू नावाच्या, अन्न अंगी न लागण्याच्या आजाराने घरात मृत्यू पाहिलेला. ते स्वतःही त्यातून जेमतेम वाचले होते. १९२२ मध्ये ते बॉस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी केलेले फॉस्फरसमापनाचे काम आजही जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तिथे कायमची जागा मिळाली नाही तेव्हा १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. हत्तीरोगावर आजही आपल्याकडे सामूहिक मोहिमांतून दिली जाणारी डीईसीची गोळी याच प्रयोगशाळेतली. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. पालकाच्या डोंगराची गरज संपली, आणि स्प्रूवर उपाय म्हणूनही ते उपयोगी पडले.

जे द्रव्य घडवता येते ते थोडेसे बिघडवूनही घडवता येते. हा बिघडवण्याचा विचार त्या काळी ताजा होता. १९४० मध्ये डॉनल्ड वूड्स यांनी दाखवले होते की, सल्फा औषधे जंतूंना लागणाऱ्या एका द्रव्यासारखी दिसतात. जंतू फसून तेच उचलतो आणि त्याचा कारभार ठप्प होतो. किल्लीसारखी दिसणारी, कुलपात जाणारी, पण फिरत नाही आणि निघतही नाही अशी खोटी किल्ली. गंमत म्हणजे सल्फा औषधे जंतूच्या ज्या कारखान्यात गोंधळ माजवतात तो फॉलिक ॲसिडचाच. सुब्बारावांच्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक ॲसिडच्या अशाच खोट्या किल्ल्या घडवायला घेतल्या. खऱ्या रेणूतला एक ऑक्सिजनयुक्त गट काढून त्या जागी नायट्रोजनयुक्त अमिनो गट बसवला की झाले ॲमिनोप्टेरिन. त्यावर आणखी एक मिथाइल गट चढवला की मेथोट्रेक्सेट. डोरिस सीगर या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीचे नाव या दोन्ही रेणूंच्या जन्माशी जोडलेले आहे. सुब्बारावांवर लिहिणारे अनेकजण ते गाळतात. हा सारा उद्योग १९४७ ते १९४९ चा. खोटी किल्ली तयार झाली तेव्हा ती नेमक्या कोणत्या कुलपात अडकते हे मात्र कुणी पाहिले नव्हते. ते एन्झाइम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले.

आता हेतूचे पाहू. हे रेणू गेले बॉस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांच्याकडे. ल्युकेमिया झालेल्या मुलांना त्यांनी आधी फॉलिक ॲसिडच्या वर्गातलीच द्रव्ये देऊन पाहिली होती आणि रोग उलट भडकल्याचे त्यांना वाटले. मग ज्याने रोग भडकतो त्याचा वैरी द्यावा, असा विचार झाला. १९४८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ॲमिनोप्टेरिन दिलेल्या सोळा मुलांपैकी दहांमध्ये तात्पुरता उतार पडल्याची नोंद आहे. 'तात्पुरता' हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातला होता. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. कर्करोगावरच्या औषधोपचाराच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा टप्पा आणि तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपली वाट वेगळी.

१९५१ मध्ये रिचर्ड गुबनर या अमेरिकी डॉक्टरांनी हेच ॲमिनोप्टेरिन आमवात आणि सोरायसिसच्या काही थोड्या रुग्णांना देऊन पाहिले. त्यांचा तर्क साधा होता. कर्करोगाच्या पेशींप्रमाणे सुजलेल्या सांध्यातल्या ऊतीही अवाजवी वाढतात. वाढ रोखणारे औषध तिथेही चालावे. ते चालले. बहुतेकांच्या सांध्यांची सूज उतरली आणि सोरायसिसचे चट्टेही निवळले. ज्या हेतूने रेणू लिहिला गेला होता त्या हेतूच्या बाहेर, एका वेगळ्याच वाचकाने केलेले हे वाचन. विम्सॅट आणि बियर्डस्ली यांनी लेखकाच्या हेतूला समीक्षेतून हद्दपार करू पाहणारा निबंध लिहिला १९४६ मध्ये. पर्ल रिव्हरच्या प्रयोगशाळेत त्याची प्रत पोचली असण्याची सुतराम शक्यता नाही. तरी ही दोन प्रकरणे एकाच दशकातली आहेत, हे नोंदवण्याचा मोह होतो.

आणि हे वाचन कुणी वाचलेच नाही. याची कारणे समजण्यासारखी आहेत, क्षम्य आहेत की नाहीत ते वाचकाने ठरवावे. पहिले कारण कॉर्टिझोन. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला त्याची पहिली सुई दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. सुब्बाराव त्याआधी सहाच आठवडे, ऑगस्टमध्ये, वारले होते. हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० चे नोबेल मिळाले. ज्या औषधाने पांगळे चालू लागले त्याच्यापुढे एका कर्करोगाच्या विषाची विचारपूस कोण करणार? कॉर्टिझोनने सुजणारे चेहरे, ठिसूळ होणारी हाडे आणि औषध थांबवताच उसळून येणारा रोग हे सारे दिसायला फार वर्षे लागली नाहीत, पण तोवर गुबनर विस्मरणात गेले होते. दुसरे कारण भीतीचे. आमवाताने माणूस लगेच मरत नाही. मग त्याला कर्करोगाचे औषध का द्यायचे, हा प्रश्न डॉक्टरांना पडे. लगेच मरत नाही, पण हातात कप धरता येत नाही, केसांची वेणी घालता येत नाही, हे त्या हिशेबात धरले जात नव्हते. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, हे इथे सहज सांगून ठेवते.

त्वचारोगतज्ज्ञ मात्र सोरायसिससाठी हे औषध चिकाटीने वापरत राहिले. त्यांच्याकडून धागा उचलून स्पोकेन या आडगावच्या शहरातले हॉफमाइस्टर यांनी १९७२ मध्ये आपल्या आमवाताच्या रुग्णांचा अनुभव थोडक्यात छापला. तोही जवळजवळ दुर्लक्षित राहिला. अखेरीस १९८५ मध्ये वाइनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फार्बरच्याच बॉस्टनमध्ये, आठवड्याला काही मोजके मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि निष्क्रिय गोळी यांची आलटून-पालटून तुलना केली. अभ्यास पूर्ण करणारे रुग्ण अवघे २८. फरक इतका स्पष्ट होता की पुढे वाद फारसा उरला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आमवातासाठी मान्यता दिली. गुबनरपासून सदतीस वर्षे. या सदतीस वर्षांत ज्यांची बोटे वाकडी झाली त्यांना आपण आपल्या बालपणी पाहिले आहे. माझ्या आईची मावशी त्यांतली एक. तिचे हात वळलेल्या मुळ्यांसारखे दिसत आणि आम्ही मुले ते पाहून घाबरत असू. औषध तिच्या ऐन तारुण्यात अस्तित्वात होते.

आता या कथेतले सर्वांत विलक्षण वळण. आमवाताला मेथोट्रेक्सेट लागू पडते ते कशामुळे? फॉलिक ॲसिडची खोटी किल्ली म्हणून, असे आपण म्हणणार. तसे असेल तर सोबत खरी किल्ली दिल्यावर परिणाम पुसला जायला हवा. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवले की मेथोट्रेक्सेटच्या रुग्णाला फॉलिक ॲसिडची जोड दिली तर तोंड येणे, मळमळ, यकृतावरचा ताण हे त्रास घटतात आणि सांध्यांवरचा गुण मात्र बहुतांशी टिकून राहतो. म्हणजे कमी मात्रेत हा रेणू काही वेगळेच करत असला पाहिजे. ब्रूस क्रॉन्स्टीन यांनी मांडलेली उपपत्ती अशी की, पेशीत साठून राहिलेला मेथोट्रेक्सेट एका निराळ्या एन्झाइमला अडवतो, त्यामुळे ॲडेनोसिन नावाचे द्रव्य बाहेर झिरपते आणि ते दाह शमवते. ही उपपत्ती सर्वांत प्रभावी असली तरी एकमेव नाही. ज्या कुलपासाठी खोटी किल्ली घडवली गेली त्याच्या शेजारचे दुसरेच कुलूप तिने बंद केले, असे सध्याचे आकलन आहे.

रचनेचा दावा करणारी औषधे या क्षेत्रात त्याआधीही झाली. स्टॉकहोमच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या आसपास आमवातासाठी म्हणून मुद्दाम एक रेणू बेतून घेतला. आमवात जंतुसंसर्गाने होतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून जंतूंसाठी सल्फा आणि सुजेसाठी सॅलिसिलिक आम्ल, दोघांना एका दुव्याने जोडलेले. सल्फासालाझिन ते हेच. सिद्धान्त चुकला, औषध चालले. ते आमवाताच्या आधी मोठ्या आतड्याच्या दाहावर स्थिरावले आणि आमवातावर त्याचे पुनर्वसन व्हायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.

हे सगळे जुने झाले, आता विज्ञान पुढे गेले आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून नव्या युगातले एकच उदाहरण. दाहाचे निरोप पेशीच्या दारावर येतात, आणि ते आत पोचवण्याचे काम काही विशिष्ट एन्झाइमे करतात. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू विल्क्स यांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सापडली तेव्हा अशी इतकी एन्झाइमे सापडून राहिली होती की यांना 'आणखी एक कायनेज' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'जॅक' म्हणण्यात आले. पुढे त्यांना दोन तोंडे आहेत असे दिसल्यावर त्याच आद्याक्षरांत दरवाजांचा द्विमुखी रोमन देव जेनस बसवण्यात आला. थट्टेतून पुराणात गेलेले असे नाव क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जॉन ओशे यांच्या गटाने १९९० च्या दशकात या कुटुंबातल्या तिसऱ्या सदस्यावर, 'जॅक-३'वर, काम केले. जन्मतः ज्यांच्यात 'जॅक-३' बिघडलेले असते त्या बालकांची रोगप्रतिकारशक्ती पार कोलमडते, बाकी शरीर मात्र ठीक असते. तेव्हा फक्त 'जॅक-३' अडवणारा रेणू घडवला तर रोगप्रतिकारशक्ती तेवढी आवरेल आणि इतरत्र धक्का लागणार नाही, हा तर्क बिनतोड होता. फायझर कंपनीने त्यावरून टोफासिटिनिब घडवले. सुरुवातीचा उद्देश अवयवरोपणाचा. २००३ मध्ये माकडांतील मूत्रपिंडरोपणाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. खऱ्या अर्थाने आधी कुलूप, मग किल्ली, असा हा क्रम.

आणि तरीही? रेणू 'जॅक-३'पुरता थांबला नाही. तो 'जॅक-१'लाही अडवतो, आणि आमवातातला त्याचा गुण बऱ्याच अंशी त्यामुळेच येत असावा असे आता मानले जाते. मान्यता मिळाली ती रोपणासाठी नव्हे, आमवातासाठी, नोव्हेंबर २०१२ मध्ये. पुढे पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जुन्या जैविक औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोग अधिक आढळले आणि २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या वर्गावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. जेनसचे दुसरे तोंड. गुणकारी औषध आहे, हजारो रुग्ण त्यावर चालतात-फिरतात. पण आजही आमवाताच्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिली जागा १९४० च्या दशकातल्या त्या स्वस्त, खोट्या किल्लीचीच आहे.

म्हणून हेतू निरर्थक ठरतो का? मला तसे वाटत नाही. सुब्बाराव आणि सीगर यांनी काही एक ठरवून तो रेणू घडवला नसता तर गुबनरना वाचायला संहिताच मिळाली नसती. माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. 'रचना' या शब्दाने सारे श्रेय पहिल्या क्षणाला जाते आणि नंतरचे वाचन दुय्यम ठरते. आमवाताच्या रुग्णांचे नुकसान झाले ते रचनेच्या उणिवेने झालेले नाही. एक बरोबर वाचन छापून तयार असताना ते वाचणाऱ्यांची वानवा पडली, म्हणून झाले.

वाचनाचा प्रश्न माझ्या घरात आला तो अगदी शब्दशः. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियामुळे आईला एका रुग्णालयात ठेवावे लागले होते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर तिच्या नेहमीच्या औषधांची यादी होती. मेथोट्रेक्सेटपुढे आठवड्यातून एकदा या अर्थी दोन इंग्रजी अक्षरे घाईत लिहिलेली. त्यातले दुसरे अक्षर रोज एकदा या अर्थाच्या अक्षरासारखे दिसत होते, आणि दुकानातल्या मुलाने पाकिटावर तसेच उतरवले. आई शिस्तीची. तिने पाकिटावरचा शब्द प्रमाण मानला. 'तू शिकलेली, तूच म्हणतेस ना लिहिलेले नीट वाचावे,' असे ती नंतर मला म्हणाली. चौथ्या दिवशी तिच्या तोंडात फोड आले, घास गिळता येईना. हे औषध रोज घेतले तर अस्थिमज्जा निकामी होऊ शकते, माणसे यात दगावली आहेत, हे मला वाचून माहीत होते. म्हणून आम्ही त्याच रात्री धावलो. उतारा म्हणून तिला दिले गेले ते फोलिनिक ॲसिड, फॉलिक ॲसिडचेच कार्यक्षम रूप. परळच्या त्या स्त्रियांना मार्माइटमधून जे मिळाले होते त्याचेच सख्खे भावंड, असे म्हणायला हरकत नाही. आठवड्याने तिच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या.

त्या रात्री बाहेरच्या बाकावर शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. तिलाही आमवात, तिचेही हेच औषध. लग्न ठरले होते आणि मूल होऊ द्यायचे तर हे औषध कितीतरी आधी बंद करावे लागेल, हे तिला नुकतेच कळले होते. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. नव्या पेशींचे बांधकाम रोखणे हाच तर त्याचा मूळ धर्म. उलट, गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध झाले आहे, आणि त्या गोळ्या आता आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतात. तिला मी विल्सबाईंची गोष्ट सांगितली नाही. ती वेळ नव्हती. ती विचारत होती ते एवढेच, की तोवर हात असेच राहतील का.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता दर रविवारी पिवळ्या पेनाने गोल केलेला असतो, गोळीही पिवळीच म्हणून. त्याखाली मी देवनागरीत, पूर्ण शब्दांत लिहिते : आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी. आई गोळी घेतली की त्यावर फुली मारते. सोमवारच्या चौकटीत हिरवा ठिपका असतो, तो फॉलिक ॲसिडचा.